समुद्र नसलेल्या बुलढाण्यात खाऱ्या पाण्याच्या काठावर वसलेलं गाव : लोणार नेमकं आहे तरी कसं?

बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही. पश्चिमेकडे कितीही गाडी हाणली तरी मराठवाडा, नगर, घाट आणि कोकण ओलांडल्याशिवाय लाट दिसत नाही. पण याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला एक गाव आहे, ज्याला काठ आहे, खारं पाणी आहे, दलदल आहे, हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी आहेत आणि शेकडो वर्षं या पाण्यातून मीठ-सोडा काढून विकल्याचा इतिहासही आहे. गावाचं नावसुद्धा मिठावरून पडलंय. लवण, लोण, लोणार.

लोणार म्हटलं की आपल्याला ड्रोनमधून काढलेला तो हिरवा गोल आठवतो. रील्समध्ये तो दहा सेकंद फिरतो, खाली 'जगातलं एकमेव' असं लिहिलेलं असतं आणि विषय संपतो. त्या गोलाच्या काठावर एक अख्खं तालुक्याचं गाव राहतं, हे मात्र त्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा नसतं. खरं तर सरोवराची गोष्ट गावाशिवाय सांगताच येत नाही. या पाण्याचं गेल्या हजारेक वर्षांत जे काही बरं-वाईट झालं, ते गावानं त्यातून काय उचललं आणि त्यात काय सोडलं यावर ठरत आलंय.

आधी नकाशा समजून घेऊ

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि जिल्ह्याचे सरळ दोन स्वभाव आहेत. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं पूर्णा नदीचं खोरं, म्हणजे शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर हा सपाट काळ्या मातीचा भाग. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेनं वर उचललेलं पठार, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार. गंमत म्हणजे खारं पाणी दोन्हीकडे आहे. उत्तरेच्या पूर्णा खोऱ्यात विहीर खणली तरी खारं पाणी लागतं, त्याला 'खारपाणपट्टा' म्हणतात आणि तिथल्या लोकांसाठी पिण्याचं पाणी हा पिढ्यान् पिढ्यांचा प्रश्न आहे. त्या खारेपणाचा आणि लोणारचा काही संबंध नाही. तिकडचं खारं पाणी नदीच्या जुन्या गाळातलं आहे. लोणारचं खारं पाणी एका खड्ड्यातलं आहे, आणि त्या खड्ड्याच्या दोनशे पावलं वर गोडं पाणी आहे.

लोणार मेहकरपासून साधारण २५ किलोमीटरवर. दक्षिणेला लगेच मराठवाडा सुरू होतो. बोलीत वऱ्हाडी आणि मराठवाडी दोन्हीचे सूर ऐकू येतात. आजूबाजूला लाटेसारखं खाली-वर जाणारं माळरान, सोयाबीन, तूर, कापूस. गावात शिरेपर्यंत पुढे काही वेगळं आहे याचा अंदाजच येत नाही. कारण विवराची कड सभोवतालच्या जमिनीपेक्षा फक्त वीसेक मीटर उंच आहे. लांबून ती एखाद्या बुटक्या टेकडीसारखी दिसते. ती चढलात की पायाखालची जमीन एकदम संपते आणि समोर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा उघडतो. तळाशी सव्वा किलोमीटरच्या आसपास पसरलेलं पाणी. कडेपासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३० ते १४० मीटर, म्हणजे चाळीस मजली इमारत आत उभी केली तर तिची गच्ची कडेच्या जवळपास येईल. काठाकाठानं पूर्ण चक्कर मारायची तर साडेपाच-सहा किलोमीटर चालावं लागतं.

गाव या खड्ड्याच्या ईशान्य कडेला चिकटून आहे. ज्या दगड-मातीवर ते उभं आहे, तीसुद्धा या खड्ड्यातूनच बाहेर उसळून पडलेली आहे. उल्का आदळली तेव्हा उडालेला राडारोडा कडेपासून एक-सव्वा किलोमीटरपर्यंत पसरला. लोणारमध्ये घराचा पाया खणला तर याच राडारोड्याशी गाठ पडते.

खड्डा कुणी केला?

गावाचं उत्तर आधी ऐका, कारण ते जुनं आहे आणि भूगोलाच्या बाबतीत चांगलंच बारकाईचं आहे.

लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या गुहेत लपून बसायचा आणि लोकांना छळायचा. विष्णूनं बालरूप घेतलं, पायाच्या अंगठ्यानं गुहेवरचं झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, मीठ म्हणजे त्याचं मांस. पायाला लागलेलं रक्त धुवायला जो झरा फुटला, ती धार. आणि उडालेलं झाकण? ते दूर जाऊन धाकेफळला पडलं, तिथली टेकडी म्हणजे तेच झाकण. विचार करा, ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांच्याकडे भूगर्भशास्त्र नव्हतं. पण हा खड्डा नेहमीचा नाही, इथलं काहीतरी मोठ्या जोरानं उडून गेलंय, आणि खारं पाणी व गोडं पाणी यांचा उगम वेगवेगळा आहे, हे तिन्ही त्यांनी टिपलं होतं.

इंग्रजी कागदपत्रांत सरोवराची नोंद करण्याचं श्रेय सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याला दिलं जातं, साल १८२३. त्याला 'शोध' म्हणायची पद्धत आहे, ती जरा सोडून द्यायला हवी. त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त मेहकर सरकाराखाली लोणारचं वर्णन करून ठेवलंय. ते पुढे येईलच.

एकोणिसाव्या शतकात बहुतेकांचं मत पडलं की हा ज्वालामुखीचा खड्डा असावा. ते मत खुळचट नव्हतं. दख्खनच्या पठाराचा मोठा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे, मग त्यातला गोल खड्डा ज्वालामुखीचाच असणार असं वाटणं साहजिक होतं. १८९६ मध्ये अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी ऍरिझोनातल्या अशाच एका गोल विवराची चर्चा करताना लोणारचं साम्य दाखवलं. पण त्या काळात ऍरिझोनाचंच कोडं सुटलेलं नव्हतं. ते सुटायला १९६० साल उजाडलं आणि त्यानंतर लोणारकडे नव्यानं पाहणं सुरू झालं.

अडचण अशी होती की लोणारला उल्केचा मोठा तुकडा सापडत नव्हता. सापडणारही नव्हता, कारण एवढ्या वेगानं आदळणारी वस्तू बहुतांशी वाफ होऊन जाते. मग पुरावा दगडातच शोधावा लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळाला छिद्रं पाडून गाळाखालचा चुरडलेला खडक वर काढला. त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच मिळाली. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड दाबाचा धक्का बसला की ते वितळण्याआधीच काचेसारखं होतं. एवढा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे संशोधन छापून आलं आणि वाद जवळपास मिटला.

या काचेचा आणखी एक भारतीय धागा आहे. मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या उल्केत. म्हणजे लोणारचं कोडं सोडवणारी खूण आधी बिहारच्या आकाशातून खाली आली होती.

खड्डा किती जुना? इथे मात्र जपून बोला. बराच काळ ५०-५२ हजार वर्षं हा आकडा पाठ्यपुस्तकांत होता. नंतर आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून केलेल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं असं उत्तर आलं. दोन्ही आकडे आजही इंटरनेटवर फिरतात. बहुतेक शास्त्रज्ञ आता दुसऱ्याकडे झुकलेले आहेत.

'जगातलं एकमेव' वगैरे

लोणारविषयीच्या पोस्ट वाचताना तीन दावे हमखास भेटतात. 'जगातलं बेसाल्टमधलं एकमेव विवर' हा पहिला. ब्राझीलमध्येही बेसाल्टमधली आघाती विवरं आहेत, पण ती फार जुनी आणि झिजलेली. लोणार त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण आहे आणि त्याचा आकार जवळपास शाबूत राहिलाय, म्हणून त्याचं महत्त्व. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसाल्टची मैदानं, मंगळाचा मोठा भागही बेसाल्टचा. तिथल्या विवरांचा अभ्यास ज्यांना पृथ्वीवर राहून करायचाय, त्यांच्यासाठी लोणार ही आयती प्रयोगशाळा आहे.

दुसरा दावा 'जगातलं तिसरं मोठं विवर'. हा सपशेल चुकीचा. जगात शंभर-शंभर किलोमीटरहून मोठी आघाती विवरं आहेत. भारतातच मध्य प्रदेशातलं ढाला आणि राजस्थानातलं रामगढ ही लोणारपेक्षा मोठी आहेत. फक्त ती इतकी झिजली आहेत की उभ्या माणसाला खड्डा दिसत नाही. ऍरिझोनाचं प्रसिद्ध विवर मात्र लोणारपेक्षा लहान, सव्वा किलोमीटरच्या आसपासचं.

तिसरा, 'समुद्रापेक्षा कितीतरी पट खारट'. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. लोणारचं पाणी अल्कधर्मी आहे, म्हणजे सोड्याचं. त्याचा पीएच साधारण १० च्या आसपास राहत आलाय. समुद्राचा ८ च्या थोडा वर असतो. पीएचमधलं एक घर म्हणजे दहापट, त्यामुळे अल्कतेत लोणार समुद्राच्या जवळपास शंभरपट पुढे. पण नुसत्या क्षाराचं प्रमाण पाहिलं तर ते पावसागणिक बदलतं आणि या शतकातल्या बऱ्याच मोजण्यांत ते समुद्रापेक्षा कमी भरलंय. हात बुडवलात तर मिठापेक्षा साबणाचं पाणी लागल्यासारखं वाटतं.

हे असं का? कारण सोपं आहे. आत पाणी यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. पाऊस आणि झरे बेसाल्ट धुऊन क्षार आत आणतात, ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षं, हजारो वर्षं. या कुंडातून पाणी बाहेर पडण्याचा एकच मार्ग म्हणजे आकाश. आणि क्षारांना तर तोही नाही. त्यांना बाहेर काढणारा एकच प्राणी होता, तो म्हणजे लोणारचा माणूस.

मिठाचं गाव

अबुल फजल लिहितो की लोणार हे मोठं पवित्र ठिकाण, ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात. डोंगरांनी वेढलेला एक कोस लांब-रुंद तलाव, पाणी खारट. डोंगरमाथ्यावर एक झरा, त्याच्या तोंडाशी बैलाची आकृती. आणि मग, एखाद्या महसूल अधिकाऱ्याला शोभेल असं पुढचं वाक्य : काच आणि साबण बनवायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यातून चांगलं उत्पन्न होतं.

म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीला लोणार एकाच वेळी तीर्थ आणि कारखाना होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर क्षारांची पापडी धरायची, ती गोळा करायची. पाण्यात उतरून तळाचे खडेही काढले जायचे. मालाच्या प्रतीनुसार नावं होती : डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. काही साबणाला, काही काच आणि बांगड्यांना, काही रंगाऱ्यांच्या कामाला. पापडात जो खार घालतात, तोही याच जातीचा. आजीच्या हातच्या उडदाच्या पापडाला ती विशिष्ट चव देणारा पदार्थ मुळात असाच कुठल्यातरी खाऱ्या काठावरून यायचा.

राज्यकर्ते बदलत गेले. देवगिरीचे यादव, बहमनी, इमादशाही, निजामशाही, मुघल. मुघलांनंतर वऱ्हाड कुणाकडे जाणार हे ठरलं तेही इथून फार लांब नाही. १७२४ च्या ऑक्टोबरमध्ये सिंदखेड राजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली, मुबारिजखान पडला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. आज साखरखेर्ड्यातून जाणाऱ्या कुणाला सांगितलं की हैदराबादचं निजामाचं राज्य इथे जन्माला आलं, तर दहापैकी नऊ जण हसतील. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, पुढे ते मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. या सगळ्या सत्तांना लोणारच्या सोड्यात रस होता. कारखान्यात बनणारा स्वस्त सोडा बाजारात आला तसं काठावरच्या मालाचं मोल उतरत गेलं. आज सरोवर वन्यजीव अभयारण्य आहे, तिथून काही उचलायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. मिठाच्या त्या नावांचा अर्थ मात्र आता गावातल्या तरुणांनाही विचारून सांगता येत नाही.

धार, देवळं आणि एक पाण्याची शिडी

गावातून सरोवराकडे निघालात की आधी लागते ती धार. गोमुखातून बारमाही पडणारं गोडं पाणी, खाली कुंड, भोवती ओवऱ्या. अबुल फजलनं लिहिलेला बैलमुखी झरा तो हाच. अमावस्येला, एकादशीला, श्रावणात अंघोळीला रांगा असतात. इथलं ओघळून जाणारं पाणी एका घळीतून थेट सरोवरात उतरतं. धारेवरच्या पायऱ्यांवरून खाली पाहिलं की एक विचित्र दृश्य दिसतं : पायाशी पिण्याजोगं पाणी, नजरेच्या टप्प्यात न पिता येणारं पाणी, आणि दोघांना जोडणारी हिरवी रेघ.

विवराच्या आत आणि कडेवर मिळून बरीच देवळं आहेत. पापहरेश्वर, सीता न्हाणी, रामगया, वाघ महादेव, शंकर-गणेश. अनेक ठिकाणी देऊळ आणि झरा यांची जोडी आहे. जिथे गोडं पाणी फुटलं तिथे बांधकाम झालं. त्यामुळे लोणारच्या देवळांचा नकाशा हा झऱ्यांचाही नकाशा आहे.

सगळ्यांत देखणं देऊळ मात्र खाली नाही, गावात आहे. दैत्यसूदन. चालुक्यकाळातल्या शैलीचं, तारकाकृती मांडणीचं, बाहेरच्या भिंतीवर शिल्पांची गर्दी. गाभाऱ्यात पायाखाली लवणासुराला घेतलेला विष्णू. सभामंडपाच्या छतावर तीच सगळी दंतकथा कोरलेली. मे महिन्यात काही दिवस सूर्याची किरणं थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात, ते बघायला लोक येतात. लोणारला गेलात आणि फक्त कडेवर उभं राहून सेल्फी काढून परतलात, तर हे देऊळ चुकवून तुम्ही अर्धं लोणार चुकवलंत असं समजा.

विवराच्या उत्तरेला साताठशे मीटरवर आणखी एक लहान खोलगट तळं आहे, अंबर तळं. मोठ्या उल्केचाच तुकडा पडून ते झालं असावं असं बरीच वर्षं मानलं गेलं, त्याला 'छोटं लोणार' म्हणतात. शास्त्रज्ञांत त्यावर एकमत नाही. तिथेच मोठा मारुती आहे, आडवा निजलेला. मूर्ती चुंबकीय दगडाची आहे असं गावकरी सांगतात.

आता खाली उतरू. उतरताना झाडी बदलत जाते. वरच्या उतारावर साग आणि पानगळीचं जंगल, त्यात मोर, वानरं, घोरपडी. खाली बाभूळ, शिंदी. मग अचानक झाडं थांबतात आणि राखाडी चिखलाचा पट्टा सुरू होतो. क्षारामुळे तिथे फारसं काही उगवत नाही. ही झाडांची उतरंड म्हणजे पाण्याच्या चवीची शिडीच आहे, वर गोडं, खाली सोड्याचं. मध्ये वेड्या बाभळीनं बराच भाग गिळला होता, ती काढण्याचं काम वनखात्याला हाती घ्यावं लागलं.

तळाशी, पाण्याच्या अगदी काठावर कमळजा देवीचं देऊळ. नवरात्रात इथे यात्रा भरते. आसपासच्या कित्येक गावांची ती कुलदेवता. देवळाजवळ एक विहीर आहे, 'सासू-सुनेची विहीर'. एकीकडचं पाणी गोड, दुसरीकडचं खारट. कुठलं सासूचं आणि कुठलं सुनेचं, हे कोण सांगतंय यावर अवलंबून! विज्ञान एवढंच की कड्याकडून येणारं झऱ्याचं पाणी आणि सरोवराकडून मुरणारं पाणी तिथे भेटतं. म्हणजे ती विहीर हे सरोवराच्या तब्येतीचं जुनं मोजमाप होतं.

गुलाबी झालं तेव्हा

जून २०२०. लॉकडाऊन चालू होता आणि एका रात्रीत वाटावं इतक्या झटकन सरोवराचं पाणी गुलाबी दिसायला लागलं. फोटो देशभर फिरले. कुणी चमत्कार म्हटलं, कुणी प्रदूषण, कुणी अपशकुन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली, नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले.

उत्तर आलं ते 'हॅलोआर्किया' या सूक्ष्मजीवांचं. अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे जीव. नमुना काही दिवस स्थिर ठेवला तर गुलाबी थर तळाशी बसत होता आणि वरचं पाणी स्वच्छ होत होतं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, त्यातल्या जिवांचा होता. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार दाट झाले, लॉकडाऊनमुळे माणसांची ढवळाढवळ थांबली आणि त्यांना मोकळं रान मिळालं. पाऊस पडल्यावर रंग गेला. एरवी सरोवर हिरवं असतं ते स्पायरुलिनासारख्या शैवालवर्गीय जिवांमुळे, आणि रोहित पक्षी येतात तेही अशाच खाण्यासाठी.

एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे उत्तर जाहीर करणारे आघारकर संस्थेचे संचालक होते डॉ. प्रशांत ढाकेफळकर. लवणासुराच्या गुहेचं झाकण जाऊन पडलं त्या गावाचं नाव आठवतंय ना?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं.

मग प्रश्न नेमका काय आहे?

गुलाबी रंग बातमी झाला, पण लोणारकरांना माहीत असलेला प्रश्न रंगाचा नाही. तो नळाचा आणि गटाराचा आहे.

गाव कडेवर, सरोवर खाली. पाणी उताराकडे जाणार. गाव लहान होतं तोवर ओघळून जाणारं पाणी म्हणजे धारेचं पाणी. गाव वाढलं, तालुका झाला, घरोघरी नळ आले, तसं सांडपाणीही त्याच उताराला लागलं. विवराच्या आत शेतीही होत होती, तिची खतं-औषधं खालीच जाणार. नदीत घाण सोडली तर ती पुढच्या गावाला जाते, हे वाईट, पण नदी वाहत राहते. लोणारला पुढचं गावच नाही. साबणाचा फेस, प्लास्टिक, नायट्रेट, जे काही खाली उतरलं ते तिथेच राहिलं. हा विषय २००९ पासून जनहित याचिकेच्या रूपानं नागपूर खंडपीठापुढे आहे. सांडपाणी अडवणं आणि त्यावर प्रक्रिया, आतली शेती, काठावरची बांधकामं, अतिक्रमणं, झाडझाडोरा, अशा एकेका मुद्द्यावर आदेश होत आलेत.

दुसरी बाजू त्याहून गुंतागुंतीची. सरोवराला खारेपणा टिकवायचा तर आत येणारं गोडं पाणी आणि उडून जाणारं पाणी यांचा मेळ बसावा लागतो. २०२० च्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की क्षार दाट झाले. गेल्या काही वर्षांत उलट झालं. पातळी चढत गेली, चिखलाचा पट्टा पाण्याखाली गेला, पाणी कमळजा देवीच्या देवळाला टेकलं. पाऊस जास्त झाला हे एक कारण सांगितलं जातं. आजूबाजूच्या तलावांतून जमिनीखालून येणारा पाझर आणि गावाचं सांडपाणी यांचीही चर्चा आहे. भरलेलं सरोवर फोटोत छान दिसतं. पण जे सूक्ष्मजीव फक्त सोड्याच्या पाण्यात जगतात, त्यांच्यासाठी गोडं पाणी वाढणं म्हणजे घरात पूर येणं. अशा काही जिवाणूंच्या जाती विज्ञानाला पहिल्यांदा लोणारच्याच पाण्यात सापडल्या. डिटर्जंटपासून औषधांपर्यंत उपयोगी पडतील अशी विकरं त्यांच्यात शोधली जातात.

आणि गावाचं काय? सरोवर जपायचं म्हणून बांधकामावर मर्यादा येतात, पर्यटक येतो तो दोन तास थांबून निघून जातो, समृद्धी महामार्गानं मेहकर-सिंदखेड राजा जवळ आणल्यापासून तर मुक्कामाची गरजही कमी झाली. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. लोणारकराला सरोवराचा अभिमान आहे, पण त्या अभिमानावर चूल किती पेटते हा प्रश्न त्याला विचारण्याचा हक्क आहे. चारशे वर्षांपूर्वी याच पाण्यावर गाव कमावत होतं. आज गटारयोजना आणि झऱ्यांची देखभाल यांना लागणारा पैसा एका लहान नगरपरिषदेच्या तिजोरीतून निघण्यासारखा नाही, आणि रामसरच्या पाटीसोबत तो आपोआप येत नाही.

जायचं असेल तर

पावसाळा सरल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत जा. पक्षीही तेव्हाच. चक्रवाक, शेकाट्या सहज दिसतात, रोहित नशिबावर. सकाळी लवकर निघा, दुपारी विवरात वारा लागत नाही आणि चढ दमवतो. खाली उतरायची वाट कोणती खुली आहे हे वनखात्याच्या चौकीवर विचारा, कारण पाण्याच्या पातळीनुसार ती बदलते. पाणी आणि दगड घरी आणू नका.

वाट वाकडी करायची तयारी असेल तर मेहकरला पैनगंगेच्या काठी थांबून शारंगधर बालाजीची मूर्ती बघा. काळ्या दगडाची ही भव्य विष्णुमूर्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमिनीखाली सापडली. आणि सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान असलेला लखुजी जाधवांचा राजवाडा, १२ जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते.

लोणारला परत येताना धारेवर एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि सासू-सुनेच्या विहिरीचं विचारा. पाणी चढलेलं असेल तर ती दिसणार नाही. तेव्हा ते हातानं सरोवराकडे दाखवून सांगतील, "हे काय, तिथं होती."